पोलीस पाटलापासून डीजीपर्यंत : कोणत्या 'साहेबा'च्या हातात काय असतं, आणि तक्रार अडली तर पुढची पायरी कोणती?

जळगाव / धुळे : रात्रीतून विहिरीवरची केबल कापून नेली. सकाळी शेतकरी पोलीस स्टेशनला जातो. समोरच्या टेबलावर एक जण रजिस्टर उघडून बसलेला, बाजूला दुसरा खाकीतला फोनवर बोलतोय, आतल्या केबिनला पडदा. शेतकरी सगळ्यांनाच 'साहेब' म्हणतो आणि जो पहिला विचारेल त्याला हकीकत सांगतो. उत्तर मिळतं, 'अर्ज देऊन जा, मोठे साहेब बंदोबस्तात आहेत.' अर्ज देऊन माणूस घरी येतो. महिनाभराने विमा किंवा पंचनाम्याच्या कामासाठी एफआयआरची कॉपी मागायला गेला की कळतं, गुन्हा दाखलच नाही. फक्त अर्ज आहे.

खान्देशातल्या बहुतेक गावांना ही गोष्ट नवी नाही. यात दरवेळी पोलिसाची चूक असते असं नाही. कोणाकडे काय मागायचं हेच आपल्याला माहीत नसतं. पोलीस खात्यात हुद्दा म्हणजे फक्त खांद्यावरचे स्टार नव्हेत. कोणता निर्णय कोणत्या हुद्द्याच्या माणसाने घ्यायचा, हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. ते कळलं की चकरा आणि एसटीचं भाडं, दोन्ही वाचतं.

ठाण्याच्या आत कोण कोण असतं

दारातून आत गेल्यावर टेबलावर रजिस्टर घेऊन बसलेला तो ठाणे अंमलदार. तो शिपाई नसतो. बहुतेक वेळा हवालदार किंवा सहायक फौजदार असतो. ठाण्यात कोण आलं, काय सांगितलं, कोणती गाडी कुठं गेली, ही नोंद स्टेशन डायरीत त्याच्या पाळीत होते. गावकऱ्याची पहिली गाठ याच्याशी पडते.

खालून वर मोजलं तर पहिला पोलीस शिपाई. पूर्वी त्याच्या वर पोलीस नाईक असायचा, बाहीवर दोन फिती. २०२२ मध्ये राज्य सरकारने नाईक हे पद काढून टाकलं. आता शिपायाची बढती थेट हवालदारावर होते. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती. त्याच्या वर सहायक पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे एएसआय. याला गावात 'सहायक फौजदार' म्हणतात. खांद्यावर एक स्टार आणि लाल-निळी पट्टी. बहुतेक वेळा हा शिपायापासून चढत आलेला, केस पिकलेला माणूस असतो आणि ठाण्याच्या हद्दीतली भांडणं-भाऊबंदकी त्याला तोंडपाठ असते.

पुढे पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे पीएसआय, आपला 'फौजदार'. दोन स्टार. यातले काही एमपीएससीची परीक्षा देऊन थेट येतात, काही खालून बढतीने. थेट आलेल्यांचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. फौजदार हा शब्द मोगलाईतला. तेव्हा तो सैन्य बाळगणारा मोठा अधिकारी असायचा. सरकारी कागदावरून हा शब्द कधीच गेला, गावच्या तोंडी मात्र राहिला.

फौजदाराच्या वर सहायक पोलीस निरीक्षक, म्हणजे एपीआय, आणि त्याच्या वर पोलीस निरीक्षक, म्हणजे पीआय. दोघांच्याही खांद्यावर तीन स्टार असतात, फरक खालच्या पट्टीच्या रंगात. लांबून ते ओळखत बसण्यापेक्षा केबिनबाहेरची पाटी वाचलेली बरी.

ठाण्याचा मुख्य तो 'प्रभारी अधिकारी'. मोठ्या ठाण्याला पीआय असतो, लहान ग्रामीण ठाण्याला पुष्कळदा एपीआय. अमळनेर तालुक्यातलं मारवड किंवा चाळीसगाव तालुक्यातलं मेहुणबारे अशा ठाण्यांची बातमी वाचताना 'सपोनि' असं लिहिलेलं दिसतं, ते सहायक पोलीस निरीक्षकाचं छोटं रूप. 'पोनि' म्हणजे पीआय आणि 'पोउनि' म्हणजे पीएसआय. 'पोहेकॉ' म्हणजे पोलीस हेड कॉन्स्टेबल, आपला हवालदार.

तालुका एक म्हणजे ठाणं एक, असंही नाही. चाळीसगाव तालुक्यात शहर, ग्रामीण आणि मेहुणबारे अशी तीन ठाणी आहेत. शिंदखेडा तालुक्यात शिंदखेडा, दोंडाईचा आणि नरडाणा. साक्रीत साक्री, पिंपळनेर आणि निजामपूर. शिरपुरात शहर, थाळनेर आणि सांगवीचं शिरपूर तालुका पोलीस स्टेशन. आपलं गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावं. ठाण्याची हद्द पुढे बीटात वाटलेली असते. एका बीटात काही गावं, त्यावर एक बीट हवालदार किंवा बीट अंमलदार. मोठ्या हद्दीत लांबच्या गावासाठी पोलीस दूरक्षेत्र असतं, ज्याला लोक 'आऊटपोस्ट' किंवा नुसतं 'चौकी' म्हणतात.

'साहेब नाहीत' हे कारण कायद्याला चालत नाही

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, लागू झाली. गुन्ह्याची खबर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला द्यायची, असं कायदा म्हणतो. पण हा प्रभारी कोण, याची व्याख्याही त्याच कायद्यात आहे : मुख्य अधिकारी हजर नसेल किंवा आजारी असेल तर त्याच्या खालोखाल हुद्द्याचा, ठाण्यात हजर असलेला आणि शिपायापेक्षा वरचा अधिकारी प्रभारी समजला जातो. म्हणजे पीआय साहेब गणपती बंदोबस्तात असले, फौजदार तपासाला गेले असले आणि ठाण्यात हवालदारच असला, तरी गुन्हा नोंदवायला तो चालतो. ही जुनीच तरतूद आहे, नव्या कायद्यातही तशीच आली.

दुसरं, 'ही आमची हद्द नाही' हेही कारण उरलेलं नाही. कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. नोंद झाल्यावर ते ठाणं कागद योग्य हद्दीत पाठवतं. सुरतला कामाला असलेल्या साक्रीच्या पोराला तिथं लुटलं आणि तो घाबरून गावी निघून आला, तर तो साक्रीतही खबर देऊ शकतो. मोबाईलवरून किंवा ऑनलाइन खबर दिली तरी चालते, पण तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. तेवढी सही राहून गेली तर ऑनलाइन दिलेल्या खबरीचा उपयोग होत नाही.

एफआयआरची एक कॉपी खबर देणाऱ्याला फुकट द्यायची असते. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवरही पाहायला मिळतो.

अर्ज, एनसी आणि एफआयआर

गावात या तिन्हींना 'केस केली' असंच म्हणतात. खरी गफलत इथंच होते.

तक्रारी अर्ज म्हणजे साधा कागद. त्यावर आवक शिक्का मारून घेतला तर अर्ज दिल्याचा पुरावा राहतो, त्यापलीकडे गुन्हा दाखल झाला असं होत नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, किरकोळ हाणामारी अशा बाबतीत ती होते, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्हा. त्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, तपास अधिकारी नेमला जातो, आणि प्रकरण शेवटी कोर्टात जातं : एकतर दोषारोपपत्र म्हणून, नाहीतर तपास बंद केल्याचा अहवाल म्हणून. ठाण्यातून निघताना 'नंबर काय पडला?' एवढं विचारलं तरी हातात नेमकं काय आहे ते कळतं.

शेतकऱ्यांनी इथं एक गोष्ट नीट वाचावी. नव्या भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३(२) लागतं. चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती साधी चोरी आता अदखलपात्र धरली आहे. पूर्वी असं नव्हतं. म्हणजे वायरचा तुकडा, एखादी झटका मशीनची बॅटरी, स्प्रिंकलरचे दोन-चार नोजल असं काही गेलं आणि किंमत पाच हजारांच्या आत लिहिली गेली, तर पोलीस एनसीच घेतील, आणि ते कायद्याला धरूनच असेल. किंमत वाढवून सांगावी असं याचा अर्थ नाही. खोटी माहिती अंगलट येते. पण पुष्कळदा माणूस घाईत 'असेल दोन-तीन हजाराची' म्हणून टाकतो आणि केबल प्रत्यक्षात नऊ हजाराची असते. खरेदीचं बिल सोबत न्यावं, मीटर किती गेले ते मोजून न्यावं. घराचं किंवा गोडाऊनचं कुलूप तोडून नेलं असेल तर तेही स्पष्ट सांगावं, कारण घरफोडीचं कलम वेगळं आहे.

कधी ठाण्यात सांगतात, 'आधी चौकशी करू, मग गुन्हा.' याला कायद्यात जागा आहे, पण मोजकी. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या संहितेने त्यात एक वाट काढली : ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, तिथं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मात्र त्यासाठी डीवायएसपीची आधी परवानगी लागते. म्हणून चौकशीचं कारण सांगितलं गेलं तर नम्रपणे विचारायला हरकत नाही : परवानगी घेतली आहे का आणि चौदा दिवस कधी संपतात?

महिलांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. लैंगिक अत्याचार, विनयभंग अशा गुन्ह्यांत पीडितेचा जबाब महिला पोलीस अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा ठराविक गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवायला पोलिसाने नकार दिला तर त्याच्यावरच गुन्हा होतो, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं.

डीवायएसपी म्हणजे नेमका कोण

ठाण्याच्या वरची पायरी उपविभागाची. या अधिकाऱ्याला उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणतात, बोलीत डीवायएसपी. खांद्यावर तीन स्टार, पण खाली पट्टी नाही. जळगाव जिल्ह्यात जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, फैजपूर, चोपडा, अमळनेर, पाचोरा आणि चाळीसगाव इथं ही कार्यालयं आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री आणि शिरपूर ही ग्रामीण भागातली माहितीची नावं. बोदवडच्या माणसाला मुक्ताईनगरला जावं लागतं.

पुष्कळ लोक प्रांत आणि डीवायएसपी यांच्यात घोटाळा करतात. प्रांताधिकारी महसूलचे, कलेक्टरच्या हाताखाली. डीवायएसपी पोलिसांचे, एसपींच्या हाताखाली. काही ठिकाणी दोघांची कार्यालयं जवळजवळ असल्याने अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि पंधरा दिवस वाया जातात.

या हुद्द्याला कायद्याने काही कामं खास दिली आहेत. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास डीवायएसपीच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे १९९५ च्या नियमांत लिहिलं आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांपुढच्या किंवा अपंग-आजारी माणसाला अटक करायची तर डीवायएसपीची परवानगी लागते. गावच्या बांधावरच्या भांडणात सगळ्या घराची नावं फिर्यादीत घातली जातात, म्हाताऱ्या आजोबांचंही येतं. अशा वेळी घरच्यांना ही तरतूद माहीत हवी. जबाबासाठीसुद्धा साठीपुढच्या माणसाला, बाईला किंवा पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. स्वतःहून जायचं असेल तर जाता येतं.

अटक झालेला माणूस कुठं आहे हेच घरच्यांना कळत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. प्रत्येक ठाण्यात एएसआयपेक्षा कमी नसलेला एक अधिकारी अटकेतल्या माणसांची नावं-पत्ते आणि गुन्ह्याची माहिती ठेवण्यासाठी नेमायचा आहे. घरच्यांनी त्याचं नाव विचारावं. अटकेनंतर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं.

एसपी ऑफिस

जिल्ह्याचा प्रमुख पोलीस अधीक्षक, म्हणजे एसपी. खांद्यावर अशोकस्तंभ आणि एक स्टार. ज्येष्ठ असेल तर दोन. खाली 'भापोसे' लिहिलेलं असेल तर भारतीय पोलीस सेवा, 'मपोसे' असेल तर महाराष्ट्र पोलीस सेवा. एसपींच्या मदतीला अपर पोलीस अधीक्षक असतात. जळगाव जिल्हा पंधरा तालुक्यांचा, लांब पसरलेला. म्हणून एक अपर अधीक्षक जळगावला आणि एक चाळीसगावला बसतात. धुळे चार तालुक्यांचा जिल्हा आहे.

जळगाव आणि धुळे दोन्हीकडे महापालिका आहे, पण पोलीस आयुक्त नाहीत. नाशिक शहरात, सुरतमध्ये आयुक्त आहेत. फरक फक्त नावाचा नाही. आयुक्तालयात मॅजिस्ट्रेटचे काही अधिकार पोलीस आयुक्तांकडेच असतात. आपल्याकडे ते कलेक्टर आणि प्रांतांकडे राहतात. म्हणून 'जिल्ह्यात ३७(१)(३) लागू' ही बातमी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने येते. तडीपारीतही दोन वाटा आहेत : टोळीवर कारवाई असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ खाली एसपी आदेश काढतात, एकट्या माणसाला कलम ५६ खाली हद्दपार करायचं असेल तर प्रस्ताव पोलीस पाठवतात पण आदेश प्रांतांचा असतो. एमपीडीएखाली स्थानबद्ध करायची सही कलेक्टरची. गावातल्या गुंडावर 'पोलीस काही करत नाहीत' असं म्हणताना फाईल प्रांत कार्यालयात पडून आहे का, हेही पाहावं लागतं.

एसपींच्या थेट हाताखाली काही शाखा असतात. त्यात सगळ्यात जास्त नाव होतं ते स्थानिक गुन्हे शाखेचं, म्हणजे एलसीबीचं. एक पीआय आणि त्याची टीम जिल्ह्यात कुठंही जाऊन तपास करते. मोटारसायकल चोरांची टोळी पकडली, वीस गाड्या जप्त, असे फोटो येतात ते बहुधा यांचेच. एलसीबीला स्वतंत्र ठाणं नसतं. गुन्हा ज्या ठाण्यात दाखल आहे तिथंच राहतो.

दोन्ही जिल्ह्यांत सायबर पोलीस स्टेशन आहे. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पीआयच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, त्यामुळे अशा तक्रारी तिकडे वळवल्या जातात. पण पैसे गेले असतील तर ठाणं शोधत बसू नये, आधी १९३० ला फोन लावावा. फोन जितका लवकर, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

तक्रार अडली तर

ठाण्याने एफआयआर घ्यायला नकार दिला, तर कलम १७३(४) प्रमाणे तीच हकीकत लेखी स्वरूपात पोस्टाने एसपींना पाठवता येते. पोस्टाची पावती जपून ठेवावी. एसपी स्वतः तपास करू शकतात किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगू शकतात. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं आणि एसपींकडे अर्ज केल्याचा पुरावाही. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलं तर अर्ज तिथंच अडतो. डीवायएसपींना भेटणं कायद्याने सक्तीचं नाही, पण व्यवहारात बरीच प्रकरणं तिथंच सुटतात, कारण ते ठाण्याला एक फोन करतात.

आमदार, पालकमंत्री, सरपंच हे या साखळीत कुठंच नाहीत. लोक आधी तिकडे जातात, तो भाग वेगळा.

एफआयआर झाल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं आहे, मोबाईलवर मेसेज केला तरी चालतो. पोलिसाविरुद्धच गंभीर तक्रार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत आहे. २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्याने कायद्यात बदल करून ते आणलं. त्याच बदलांत अधिकाऱ्यांचा कार्यकाळही ठरवून दिला : पीएसआय ते पीआय यांचा एका ठाण्यात साधारण दोन वर्षं. म्हणून फौजदाराची ओळख झाली न झाली तोच बदली होते.

लाच मागितली तर ठाण्यात भांडण्यापेक्षा १०६४ ला फोन करावा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची कार्यालयं धुळे आणि जळगाव दोन्हीकडे आहेत, आणि ती एसपींच्या हाताखाली नाहीत. पैसे देण्याआधी कळवलं तरच सापळा लावता येतो.

पोलीस पाटील पोलीस आहे का?

नाही. त्याला वर्दी नाही, तो एफआयआर घेऊ शकत नाही आणि तो पोलिसांचा पगारी नोकर नाही. त्याचा कायदा वेगळा आहे, महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७. त्याआधी पाटीलकी वतनाची होती, बापाकडून मुलाकडे जायची. १९६२ च्या कायद्याने ती संपली. आता अर्ज मागवून, परीक्षा-मुलाखत घेऊन नेमणूक होते : गावचा रहिवासी, दहावी पास, वय २५ ते ४५. नेमणूक प्रांत करतात, म्हणून काढायचं झालं तर तेही प्रांतच. मार्च २०२४ मध्ये सरकारने मानधन महिन्याला ६,५०० वरून १५,००० रुपये करायचा निर्णय घेतला.

पण गावात अनोळखी मृतदेह सापडला, संशयास्पद मृत्यू झाला, दोन गटांत तणाव वाढला, तर ठाण्याला पहिली खबर द्यायची जबाबदारी त्याची. रात्री दोन वाजता सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर गाडी पोचायला तास लागतो, तेव्हा तिथं सरकारचा एकच माणूस हजर असतो. बीट हवालदाराचे डोळे-कान म्हणजे तोच. त्याने खबर दाबली तर त्याच्यावरही कारवाई होते.

तंटामुक्ती समितीही पोलीस नाही. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या या मोहिमेत गावाने आपसात मिटवायची भांडणं म्हणजे दिवाणी, महसुली आणि तडजोड होण्याजोगे फौजदारी तंटे. बलात्कार, खून, पोक्सोसारखं प्रकरण समितीत 'मिटवणं' हाच गुन्हा होऊ शकतो.

खाकी सारखी, खातं वेगळं

भुसावळ किंवा चाळीसगाव स्टेशनवर गाडीत मोबाईल गेला तर शहर पोलिसांकडे नव्हे, लोहमार्ग पोलिसांकडे जायचं. ते राज्याचेच पोलीस, पण त्यांचा एसपी वेगळा. शेजारीच आरपीएफचं ठाणं असतं. ते केंद्र सरकारचं रेल्वे सुरक्षा दल, मुख्य काम रेल्वेच्या मालमत्तेचं आणि प्रवाशांच्या सुरक्षेचं. प्रवाशाच्या चोरीचा एफआयआर लोहमार्ग पोलीस घेतात.

धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे. निवडणूक, दंगल, मोठी यात्रा असली की हे जवान ट्रकमधून येतात. तपास हे त्यांचं काम नाही. धुळ्यातच पोलीस प्रशिक्षण विद्यालयही आहे. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी एवढं : शिपायाला बारावी पास लागतं, पुरुषांना उंची १६५ सेंटिमीटर, धावायला १,६०० मीटर, महिलांना १५५ सेंटिमीटर आणि ८०० मीटर.

दारूच्या भट्टीवर पोलीसही छापा टाकू शकतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागही. गिरणा, तापी, पांझरेच्या वाळूत गोंधळ जास्त. दंड ठोकणं, गाडी अडकवणं हे तहसीलदारांकडे. वाळूचोरीचा गुन्हा दाखल करणं पोलिसांकडे. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा अर्ज दोन्हीकडे द्यावा, आवक शिक्क्यासह.

सीआयडी म्हटलं की टीव्हीवरची मालिका आठवते. आपल्या राज्याची खरी सीआयडी पुण्याहून चालते. पोलीस कोठडीत मृत्यू झाला की तपास सहसा त्यांच्याकडे जातो, म्हणजे त्याच ठाण्याने स्वतःचा तपास करू नये. सीबीआय केंद्राची, राज्याच्या हद्दीत तिला राज्याची संमती किंवा कोर्टाचा हुकूम लागतो.

एसपींच्या वर

जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक ग्रामीण आणि अहिल्यानगर मिळून नाशिक परिक्षेत्र होतं. त्याचे प्रमुख विशेष पोलीस महानिरीक्षक, बोलीत 'आयजी साहेब', बसतात नाशिकला. खांद्यावर तलवार आणि बॅटनची फुली, वर एक स्टार. त्यांच्याही वर मुंबईत पोलीस महासंचालक, म्हणजे डीजी. डीजी गृह विभागाच्या हाताखाली.

त्याच्या वर देशाचं एकच पोलीस दल असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. राज्यघटनेत पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे, म्हणून प्रत्येक राज्याचं पोलीस दल स्वतंत्र आहे आणि हुद्द्यांची नावंही वेगळी आहेत. शिरपूर, चोपडा, रावेरच्या लोकांचे नातेवाईक सेंधवा, खरगोन, बऱ्हाणपूरला असतात. तिथं शिपायाला 'आरक्षक', हवालदाराला 'प्रधान आरक्षक' म्हणतात आणि ठाण्याच्या पीआयला 'टीआय'. आपल्या एपीआयसारखा हुद्दा तिकडे नाही. तिकडच्या पोलिसांना इकडे येऊन माणूस पकडायचा तर इथल्या ठाण्यात नोंद करून येण्याची पद्धत आहे. साध्या कपड्यातले चार जण रात्री दारात उभे राहून 'एमपी पोलीस' म्हणाले, तर ओळखपत्र मागावं आणि ११२ ला फोन करून खात्री करून घ्यावी.

खान्देश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला तेव्हा सातपुड्यातले भिल्ल त्यांना दाद देत नव्हते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली, खान्देश भिल्ल कोअर. ज्यांच्यावर पोलीस पाठवायचे त्यांनाच पोलीस केलं. पुढे ही पलटण जिल्हा पोलिसांत मिसळून गेली. औट्रमचा बंगला धरणगावकरांच्या आजही माहितीतला आहे. १९०६ ला खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, ते आजचे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, आणि तिसरा एसपी आला.